पत्रकारितेच्या एम.ए.साठी इंग्लंड : पैसे कुठून आणले, कधी लागले, कुठे अडले

सप्टेंबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या वर्षात मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात पत्रकारितेचं एम.ए. केलं. त्याआधी सोलापुरात आणि नंतर पुण्यात मराठी दैनिकांत बातमीदारी करत होते. घरी सांगोला तालुक्यात कोरडवाहू जमीन, थोडं डाळिंब. इंजिनिअरिंगला किंवा एमबीएला परदेशी जाणाऱ्यांसाठी मराठीतही आता भरपूर माहिती मिळते. पत्रकारितेला जाणाऱ्यासाठी, तेही जिल्हा आवृत्तीच्या पगारावर, मला जवळजवळ काहीच सापडलं नव्हतं. म्हणून आकडे आणि तारखा डोक्यात ताज्या आहेत तोवर सगळं लिहून ठेवते आहे.

‘एकूण किती लागले?’ हे सगळेच विचारतात, ते आधी सांगते. फी साडेवीस हजार पाउंड. विद्यापीठाने आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांसाठीची तीन हजारांची सवलत दिली, म्हणजे साडेसतरा. राहण्याखाण्याचे नऊ हजारांच्या आसपास, व्हिसा आणि आरोग्य अधिभाराचे (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) साडेसोळाशे, वर विमान, परीक्षा, तपासण्या, गरम कपडे. पाउंड तेव्हा १०६ ते १०८ रुपयांच्या दरम्यान होता. सगळं मिळून बत्तीस लाखांच्या थोडं आत. पण वर्षभर माझी झोप उडवली ती या आकड्याने नाही. पैसा कोणत्या तारखेला, कोणाच्या खात्यात आणि कोणत्या शब्दांत लिहिलेल्या कागदावर दिसला पाहिजे, या प्रश्नांनी उडवली. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

सुरुवात केली ऑगस्ट २०२३मध्ये, म्हणजे जाण्याच्या वर्षभर आधी. अमेरिकेचा विचार लवकर सोडला. कोलंबिया विद्यापीठाचा पत्रकारितेचा अभ्यासक्रम दहा महिन्यांत संपतो, पण फी आणि न्यूयॉर्कचं राहणं धरून खर्च एक लाख डॉलरच्या वर जातो. इंग्लंडमध्ये बहुतेक एम.ए. एका वर्षाची असतात, म्हणजे एकाच वर्षाचा राहण्याचा खर्च आणि एकाच वर्षाचा बुडालेला पगार. युरोपात डेन्मार्कच्या ऑऱ्हुस विद्यापीठातून सुरू होणारा इरास्मस मुंडस पत्रकारिता अभ्यासक्रम आहे. दोन वर्षांचा, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा १,४०० युरो. ज्यांना दोन वर्षं देता येतील त्यांनी तो अर्ज जरूर करावा. त्याची मुदत जानेवारीच्या सुरुवातीलाच संपते, त्यामुळे दिवाळीनंतर बघू म्हणून चालत नाही.

पहिला अर्ज केला चिव्हनिंगचा. ब्रिटिश सरकारची ही शिष्यवृत्ती फी, राहणं, प्रवास सगळं उचलते. अट अशी की शिक्षण झाल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी परतायचं. २,८०० तासांच्या कामाचा अनुभव लागतो, तो बातमीदारीतून सहज भरतो. त्या वर्षी अर्जाची खिडकी १२ सप्टेंबर ते ७ नोव्हेंबर होती. चार निबंध लिहायचे : नेतृत्व, लोकांशी जोडलेपण, ब्रिटनच का, आणि पुढे काय करणार. फेब्रुवारीत नकाराचा ईमेल आला. दोन दिवस फार जड गेले. पण त्या निबंधांवर जी मेहनत घेतली होती ती पुढच्या प्रत्येक अर्जात कामाला आली, म्हणून मिळण्याची खात्री नसली तरी हा अर्ज करावाच असं मला वाटतं.

विद्यापीठांचे अर्ज ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये केले. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, त्यामुळे आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली. सोळा-सतरा हजार रुपये तिथेच. पोर्टफोलिओत माझ्या सगळ्या बातम्या मराठी. त्यातल्या निवडक पाच इंग्रजीत आणल्या आणि प्रत्येकीसोबत दोन ओळींत लिहिलं, की ही बातमी कशी मिळाली आणि छापून आल्यावर काय झालं. चारा छावणीतल्या खोट्या नोंदींची एक बातमी होती. मुलाखतीत प्राध्यापक तिच्यावरच बोलत राहिले. तालुक्याच्या बातमीला तिथे कमी समजत नाहीत, उलट विचारतात. हे जिल्ह्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी ठेवावं. जानेवारी २०२४मध्ये प्रवेशाचं पत्र आलं आणि खरा प्रवास तिथून सुरू झाला.

आपल्या राज्याच्या शिष्यवृत्त्यांबद्दल लिहायलाच हवं, कारण खूप मुलांना त्या माहीतच नसतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा समाजातल्या मुलांसाठी सारथीची महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाची आहे. इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त, आदिवासी, अल्पसंख्याक, खुल्या गटातली आर्थिक दुर्बल मुलं, यांच्यासाठीही वेगवेगळ्या विभागांच्या योजना आहेत. उत्पन्नाची मर्यादा आणि जागतिक क्रमवारीची अट शासन निर्णयागणिक बदलते, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय स्वतः उतरवून वाचावा, कोणाच्या सांगण्यावर जाऊ नये. क्रमवारीची अट पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांना फार बोचते. क्रमवारी अख्ख्या विद्यापीठाची लागते, आणि पत्रकारितेचे काही उत्तम विभाग क्रमवारीत मागे असलेल्या विद्यापीठांत आहेत. माझं विद्यापीठ अटीत बसलं नाही. ज्यांना या योजनांतूनच जायचं आहे त्यांनी आधी यादी बघावी आणि मग अर्ज करावेत, उलट क्रमाने नको.

आणखी एक : ‘पढो परदेश’ या व्याज-अनुदान योजनेचं नाव अजून लोक सांगतात. ती २०२२-२३पासून बंद झाली आहे. राज्याच्या इतर मागासवर्गीय महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना मात्र आहे. जे पात्र असतील त्यांनी कर्ज घेण्याआधीच जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

मग उरल्या विश्वस्त संस्था. मुंबईत तीन मोठ्या आहेत : जे. एन. टाटा एन्डाउमेंट, के. सी. महिंद्रा ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन. या तिघी देतात ती कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे पैसे परत करायचे असतात, पण बिनव्याजी किंवा अगदी थोड्या व्याजाने. टाटांचा निधी १८९२पासून चालू आहे. पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन पत्रकारिता सोडून १९४५मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले ते याच निधीच्या मदतीने. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता. अर्ज साधारण डिसेंबर ते मार्च या काळात भरतात. प्रवेशपत्र हातात नसेल तरी अर्ज करता येतो का हे प्रत्येकीचं वेगळं आहे, ते आधी बघावं. यातल्या एका संस्थेने मला मुलाखतीला बोलावलं आणि पाच लाख बिनव्याजी मंजूर केले. मुलाखतीत विचारलं गेलं, “पत्रकारितेच्या पगारातून हे कसं फेडणार?” मी हप्त्यांचा कागद सोबत नेला होता, तो पुढे ठेवला. तेवढी तयारी प्रत्येकाने करावी, कारण हा प्रश्न येतोच.

बँकेचं प्रकरण एप्रिलमध्ये सुरू केलं आणि जुलैत संपलं. इथे जरा सविस्तर लिहिते.

आधी खाजगी कर्जसंस्थांकडे चौकशी केली. तारण नको, आठवड्यात मंजुरी, असं ते सांगतात. फोनवरचा पहिला प्रश्न : “मॅडम, कोर्स स्टेममध्ये येतो का?” स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित. पत्रकारिता म्हटल्यावर आवाज बदलायचा. एकाने तेरा टक्क्यांच्या वर दर सांगितला, तोही रक्कम निम्मी करून. दुसऱ्याने नंतर फोनच केला नाही. वाईट वाटलं, पण त्यांचं गणित सरळ आहे : आमच्या पेशात पगार कमी, परतफेडीचा भरवसा कमी.

राष्ट्रीयीकृत बँकेत दर साडेदहा टक्के, पण रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की तारण. आमच्याकडे जमीन आहे, म्हणून अण्णांना, म्हणजे वडिलांना, वाटलं होतं प्रश्न सुटला. बँकेने सातबारा हातातही घेतला नाही. कर्ज थकलं तर तारण जप्त करायच्या ज्या कायद्यावर बँका विसंबतात, त्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, म्हणून शैक्षणिक कर्जाला ती सहसा चालत नाही. राहतं घर गावठाणात. त्याला ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा आहे, बांधकामाचा मंजूर नकाशा नाही. ड्रोन मोजणीनंतर मिळालेली सनदही दाखवली. पॅनलवरच्या वकिलाने मालकीची जुनी साखळी मागितली, ती आजोबांच्या तोंडी वाटणीपाशी तुटत होती. चार एकर रान आणि चिरेबंदी घर असून आमच्याकडे बँकेच्या भाषेत काहीच नव्हतं. अण्णा त्या संध्याकाळी फार बोलले नाहीत.

सोलापुरात मामाचा फ्लॅट आहे. मामा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी त्याला विचारलं नव्हतं, आईनेही नाही. त्याला कोणाकडून तरी कळलं आणि फ्लॅटची फाईल पिशवीत घालून तो सांगोल्याला आला. मामीची सही लागणार होती, कारण फ्लॅट दोघांच्या नावावर. ती म्हणाली, “आमच्या सायलीला लागलं तर तू उभी राहशील ना, मग झालं.” एवढ्या एका वाक्यावर आयुष्यभराची कमाई गहाण ठेवायला ती तयार झाली. या पेशातला माणूस बाहेर शिकायला जातो तेव्हा त्याच्यामागे असं कोणीतरी असतंच, फक्त त्याची बातमी होत नाही. ३१ जानेवारी १९२०ला ‘मूकनायक’ सुरू करणारे बाबासाहेब त्याच वर्षी अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला गेले. तेही साठवलेल्या पगारावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या मित्राने उसने दिलेल्या पाच हजारांवर.

फ्लॅट तारण ठेवायला काय लागलं ते लिहिते, म्हणजे आधीच जमवता येईल : मूळ खरेदीखत आणि त्याचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), बिल्डरपासूनची सगळी जुनी खतं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पत्र, घरपट्टीची चालू पावती, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र. यावर बँकेचा वकील तीस वर्षांचा शोध घेतो आणि व्हॅल्युअर मूल्यांकन करतो. दोघांची फी आपण भरायची, माझी नऊ हजारांच्या आसपास गेली. शिवाय मामाचे फॉर्म सोळा, अण्णा सहकर्जदार म्हणून त्यांचे कागद, आणि माझ्या कागदांत एक अडचण : दहावीच्या प्रमाणपत्रावर अण्णांचं नाव दत्तात्रय, त्यांच्या बँक पासबुकावर दत्ता. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. हे प्रत्येक घरात निघतं. जानेवारीतच सगळ्यांची नावं एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा.

सोसायटीचं ना-हरकत पत्र मिळायला सगळ्यात जास्त वेळ गेला. समितीची सभाच होत नव्हती. मामा सेक्रेटरींच्या घरी बसून राहायचा.

बँकेने चोवीस लाख मंजूर केले. परदेशी शिक्षणाला खर्चाच्या पंधरा टक्के रक्कम आपली घालावी लागते, ती माझ्या आणि अण्णांच्या बचतीतून दाखवली. बँकवाले म्हणत होते, मूल्यांकन चांगलं आहे, तीस घ्या. इथे माझं ठाम मत आहे : किती कर्ज मिळतं यावर रक्कम ठरवू नका, परत आल्यावर हातात किती पडेल यावर ठरवा. साडेदहा टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी दर लाखाला साधारण १,१०५ रुपये हप्ता बसतो, दहा वर्षांसाठी १,३५०. तीस लाख म्हणजे दरमहा तेहतीस हजार. मराठी पत्रकारितेत किती जणांना तो झेपेल? विद्यापीठ निवडण्याआधी हा गुणाकार करावा.

आता तो कागद, ज्याने मला सगळ्यात जास्त दमवलं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी उरलेली फी आणि राहण्याचा खर्च आपल्याकडे आहे हे दाखवावं लागतं. राहण्याचा खर्च तेव्हा लंडनबाहेर दरमहा १,०२३ पाउंड, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा, म्हणजे ९,२०७ पाउंड होता. लंडनमध्ये १,३३४. हे आकडे नंतर वाढले आहेत. बचतीतले पैसे दाखवायचे तर ते सलग अठ्ठावीस दिवस खात्यात हवेत आणि एक दिवसही शिल्लक खाली जाता कामा नये. शैक्षणिक कर्जाला अठ्ठावीस दिवसांची अट नाही, पण बँकेच्या पत्राला आहे : कर्ज विद्यार्थ्याच्या नावे, रक्कम स्पष्ट, पत्र सहा महिन्यांच्या आतलं, आणि व्हिसा मिळण्याखेरीज पैसे सोडायला दुसरी कोणतीही अट नाही.

आपल्या बँकांच्या छापील मंजुरीपत्रात शेवटी ओळ असतेच : ‘तारणाची सर्व कागदपत्रे पूर्ण झाल्यावरच रक्कम अदा केली जाईल.’ आपल्याकडे ती रोजची ओळ आहे, व्हिसा अधिकाऱ्याच्या लेखी ती अट आहे. उपाय एकच : आधी गहाणाचं काम संपवायचं, मग त्याचा उल्लेख करून ‘कागदपत्रे पूर्ण झाली आहेत’ असं नवं पत्र घ्यायचं. शाखेत असं पत्र कोणी दिलं नव्हतं, त्यामुळे मसुदा विभागीय कार्यालयात गेला आणि तिथे थांबला. मी व्हिसा नियमांचं ते पान छापून, ओळीखाली रेघा मारून शाखाधिकाऱ्यांना दिलं. त्यांनी ते स्वतः स्कॅन करून वर पाठवलं आणि पत्र जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात आलं. शाखेतल्या माणसाला दोष देण्यापेक्षा त्याला कागद पुरवणं कामाला येतं, हा बातमीदारीतला धडा इथेही लागू पडला.

चोवीस लाख पूर्ण पुरत नव्हते. दरम्यानच्या काळात पाउंड चढत होता, म्हणून अण्णांचे तीन लाख जूनच्या सुरुवातीलाच माझ्या खात्यात घेतले आणि त्या खात्याचं डेबिट कार्ड आईकडे देऊन टाकलं. शिल्लक अगदी काठावर ठेवू नका. अर्जाच्या दिवशीचा विनिमय दर धरला जातो, तो आपल्या हातात नसतो.

प्रवेश पक्का करायची तीन हजार पाउंडांची रक्कम जूनमध्ये माझ्या बचतीतून भरली होती. ती पोचल्यावर आणि कागद तपासल्यावर विद्यापीठाने कास क्रमांक, म्हणजे व्हिसाच्या अर्जाला लागणारा प्रवेश-निश्चितीचा क्रमांक, दिला. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त क्लिनिकमध्येच करावी लागते (मी मुंबईत केली), बाहेरचा एक्स-रे चालत नाही. प्रमाणपत्र सहा महिने वैध. व्हिसाची फी तेव्हा ४९० पाउंड. तिच्या जोडीला आरोग्य अधिभार, वर्षाला ७७६ पाउंड. अभ्यासक्रम एक वर्षाचा असला तरी व्हिसा पुढचे चार महिने धरून मिळतो, त्यामुळे अधिभार दीड वर्षाचा, १,१६४ पाउंड. हे दोन्ही मिळून पावणेदोन लाखांच्या वर रुपये अर्ज करतानाच, एका बैठकीत, कार्डवरून भरायचे असतात. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत ना आणि मर्यादा पुरते आहे ना, हे आदल्या दिवशी बँकेत विचारून ठेवा. व्हिसा ऑगस्टच्या मध्यात आला.

त्यानंतर फीचा पहिला हप्ता गेला, ७,२५० पाउंड. बँकेतून परदेशी पैसे पाठवताना ए-टू फॉर्म भरायचा असतो. त्यात एक रकाना असतो : मधल्या बँकांचे आकार कोण सोसणार? ‘पाठवणारा’ असंच लिहा, नाहीतर विद्यापीठाला दहा-वीस पाउंड कमी पोचतात आणि नोंदणी अडते. दर विचारताना ‘आजचा दर काय’ एवढंच न विचारता ‘बाजारभावावर तुम्ही किती पैसे लावता’ असं विचारा, शिक्षणासाठी तो थोडा कमी करून मिळतो. यावर टीसीएस लागतो, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक वसूल करते तो आगाऊ प्राप्तिकर. त्या आर्थिक वर्षात सात लाखांच्या वरच्या रकमेवर, पैसे शैक्षणिक कर्जाचे असतील तर अर्धा टक्का, स्वतःचे असतील तर पाच टक्के. कर्जातून पाठवल्यामुळे माझे सहा हजारांच्या आतच गेले. स्वतःच्या पैशातून गेले असते तर साठ हजारांच्या आसपास अडकले असते. हा पैसा बुडत नाही, विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो. मी तिथूनच भरलं आणि मिळाला. एप्रिल २०२५पासून मर्यादा दहा लाख झाली आणि शैक्षणिक कर्जावरचा टीसीएस काढून टाकला गेला.

सप्टेंबरात पोचले. खाजगी घरमालक ब्रिटनमधला जामीनदार किंवा सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागत होते. दोन्ही मला शक्य नव्हतं, म्हणून विद्यापीठाची खोली घेतली, जिचं भाडं तीन हप्त्यांत देता येतं. थोडी महाग पडली, पण सुरुवातीचे चार लाख वाचले. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना तिथला काउन्सिल टॅक्स, म्हणजे घरपट्टीसारखा स्थानिक कर, माफ असतो.

विद्यार्थी व्हिसावर सत्रात आठवड्याला वीस तास काम करता येतं. एम.ए.वाल्यांना जून ते सप्टेंबर हा प्रबंधाचा काळही सत्रच मानतात, तेव्हा उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून कर्ज हलकं करू, असा हिशेब मांडू नका. किमान वेतन तेव्हा तासाला ११.४४ पाउंड होतं. मी विद्यापीठाच्या उपाहारगृहात आणि प्रवेशाच्या दिवसांत माहिती केंद्रावर काम केलं. बातम्यांचं वेळापत्रक सांभाळून वीस तास जमत नाहीत, बारा-पंधरा जमतात.

पत्रकारांसाठी याहून महत्त्वाची अट वेगळीच आहे : या व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, आणि फ्रीलान्स लेखन त्यातच मोडतं. एका दिवाळी अंकाने लेख मागितला होता, मानधन देणार होते. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात विचारलं, उत्तर स्पष्ट आलं : पैसे भारतातून येत असले तरी काम तुम्ही इथे बसून करताय, नको. मी संपादकांना तसं कळवलं. फार जीवावर आलं, कारण लिहून चार पैसे मिळवणं हेच तर आपलं काम. ज्यांनी ‘तिथून लिहून पाठवू आणि खर्च काढू’ असं ठरवलं असेल त्यांनी ती रक्कम हिशेबातून आत्ताच काढावी.

कर्जाचा एक फायदा इथे कळला. मंजूर रक्कम टप्प्याटप्प्याने उचलायची असते आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागतं. जानेवारी २०२५मध्ये फीचा दुसरा हप्ता उचलला, तेव्हा पाउंड जरा उतरला होता. पुढचं राहणं-खाणं विश्वस्त संस्थेचे पैसे, अण्णांचे तीन लाख आणि कामाची मिळकत यांवर भागवलं. चोवीस लाखांतले सोळा उचलले, बाकीचे तसेच सोडले. शिकत असताना नुसतं व्याज भरत राहिलं तर आमच्या बँकेत दरात एक टक्का सूट मिळते. अण्णा डाळिंबाच्या पट्टीतून ते भरत होते.

वर्ष संपत आलं तसा पुढचा प्रश्न. शिक्षणानंतर दोन वर्षं राहायचा ग्रॅज्युएट व्हिसा घ्यायचा तर २०२५मध्ये फी ८८० पाउंड आणि आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५, असे २,९५० पाउंड एकरकमी लागत होते. पाउंड तोवर ११८च्या पुढे गेला होता, म्हणजे जवळजवळ साडेतीन लाख रुपये, नोकरी हातात नसताना. नोकरीवरच्या व्हिसासाठी पगाराची सर्वसाधारण किमान मर्यादा जुलै २०२५मध्ये ४१,७०० पाउंड झाली, आणि नवशिक्या बातमीदाराला तिथेही तेवढा पगार मिळत नाही. माझ्याबरोबरच्या काही जणी राहिल्या, त्यांचे घरचे हिशेब वेगळे होते. मी परत आले. ज्यांना राहायचंच आहे त्यांनी हे साडेतीन लाख पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवावेत, प्रवेशाच्या माहितीपत्रकात त्यांचा उल्लेख नसतो.

आता मुंबईत एका डिजिटल वृत्तकक्षात डेटा आणि शोधबातम्यांचं काम करते. महिन्याला चौदा हजार व्याज भरते. पूर्ण हप्ता, सुमारे पावणेअठरा हजारांचा, अभ्यासक्रम संपल्यापासून वर्षाने म्हणजे सप्टेंबर २०२६नंतर सुरू होईल. विश्वस्त संस्थेची परतफेड वेगळी. व्याजावर प्राप्तिकरात वजावट (१९६१च्या कायद्यातलं कलम ८०ई) आठ वर्षं मिळते, पण जुनी करप्रणाली निवडली तरच, त्यामुळे दरवर्षी दोन्ही प्रणालींत आकडेमोड करून बघावी लागेल. कोणी तारण देऊन तुमच्यामागे उभं राहिलं असेल तर रिझर्व्ह बँकेचं १३ सप्टेंबर २०२३चं परिपत्रक नक्की वाचा. कर्ज पूर्ण फिटल्यावर बँकेने तीस दिवसांत मूळ कागद परत करायचे असतात, आणि उशीर बँकेकडून झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई द्यायची असते. मी त्याची प्रत मामाच्या फाईलमध्ये लावून ठेवली आहे.